हॉलमधला पर्वत

सोपानअण्णा भिंताड्यांकडून मी पहिल्यांदा निघालो तेव्हा माझ्या चपला सापडेनात. ओट्याखाली काढून ठेवल्या होत्या. शेजारी माझ्याबरोबर आलेल्या भाऊसाहेबांनी बूट ठेवले होते, तेही गायब. कुत्र्यानं नेल्या असतील म्हणून मी गोठ्याच्या मागेपर्यंत जाऊन आलो. अण्णा पायरीवर उभे राहून माझी शोधाशोध शांतपणे बघत होते. "मॅनेजर, चपला कुटं जात नायत," ते म्हणाले. "भाकरी तव्यावर हाय. जेवून घ्या, मंग घावतील." चपला त्यांनीच उचलून आत कणगीमागं ठेवल्या होत्या. पुढे कळलं की ही त्यांची नेहमीची तऱ्हा. पोस्टमन, विजेचं मीटर बघायला येणारा, जनगणनेला आलेली शाळेतली बाई, सगळ्यांनी त्यांच्याकडे चपला गमावून पोटभर जेवण केलेलं होतं. एक विमा एजंट तर म्हणे दुसऱ्या खेपेला चपला हातात धरूनच बोलायला उभा राहिला. त्याची पिशवी गेली.

मी सदाशिव पेठेत वाढलेला माणूस. आमच्याकडे पाहुण्याला 'जेवूनच आला असाल ना' असं विचारतात, हा आरोप फार जुना आहे आणि तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. त्यामुळे पानात तिसरी भाकरी पडली तेव्हा मला आनंद होण्याऐवजी भीतीच वाटली. या माणसाला आपल्याकडून नेमकं हवंय काय, असं मनात आलं. खरं तर काहीतरी मागायला आम्हीच गेलो होतो.

झालं होतं असं. पिंपरीच्या एका कारखान्यात मी स्टोअर्समध्ये होतो. नवी यंत्रं आली आणि पाठोपाठ स्वेच्छानिवृत्ती नावाची सक्ती आली. घरी बसून बायकोच्या कपाळावरच्या आठ्या बघण्यापेक्षा बरं म्हणून मी भाऊसाहेबांच्या नाट्यसंस्थेचा व्यवस्थापक झालो. भाऊसाहेब म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, उत्तम गाणारे, पांढरे स्वच्छ कपडे आणि जिभेवर लिंबू पिळलेलं. आयुष्यभर त्यांनी एकच स्वप्न जोपासलं होतं. समुद्रमंथनावरचं संगीत महानाट्य. देव एका बाजूला, दानव दुसऱ्या बाजूला, मध्ये मंदार पर्वत, त्याला वेढा घातलेला वासुकी, गाणारे, नाचणारे, वाजवणारे मिळून शंभरएक माणसं. पुण्यातल्या सगळ्या निर्मात्यांना त्यांनी हे नाटक वाचून दाखवलं होतं. सगळ्यांनी 'वा' म्हटलं होतं आणि कुणीही पुन्हा फोन उचलला नव्हता. कारखान्यातला माझा एक जुना सहकारी हिंजवडीच्या बाजूचा. तो म्हणाला, आमच्याकडे एक अण्णा आहेत, त्यांच्याकडे जागा आहे, पैसा आहे आणि त्यांना माणसांची हौस आहे.

पैसा जमिनीचा होता. तिकडचा रस्ता तेव्हा नुकताच रुंद झाला होता आणि ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. अण्णांची बरीचशी जमीन अशीच एका सॉफ्टवेअर कंपनीखाली गेली. इतरांनी त्या पैशात गाड्या घेतल्या. अण्णांनी एक मंगल कार्यालय बांधलं, आईच्या नावानं, गिरिजा मंगल कार्यालय. मध्ये एकही खांब नसलेला भला मोठा हॉल, बाजूला स्वयंपाकघर, मागे जेवणाचं सभागृह. पण तो भाड्यानं द्यायला ते तयार नव्हते. "पयलं लगीन आमच्या सुरेखाचं," ते म्हणायचे. "तवर दुसऱ्या कुणाची हळद हितं लागायची नाय." सुरेखा त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं इंजिनिअरिंग संपत आलं होतं. म्हणजे हॉल तयार होता आणि रिकामा होता.

आणि हौस होती ती वेगळीच. गावच्या जत्रेला तमाशाचा फड यायचा. त्या सगळ्या फडाला उतरवून घ्यायचा, जेवूखाऊ घालायचा मान भिंताड्यांचा. अण्णांचे आजोबा, वडील, मग स्वतः अण्णा. नाचणारणी ओसरीवर झोपायच्या, ढोलकीवाला गोठ्यापाशी ढोलकी तापवत बसायचा, आणि चूल दोन दिवस विझायची नाही. ज्या मैदानावर तंबू पडायचा ते मैदान रस्त्यात गेलं. फड यायचा बंद झाला. "भांडी हायत, चूल हाय, पर जेवणारं कुणी नाय," हे त्यांनी मला त्याच पहिल्या दिवशी सांगितलं. माणसाला सुतक सांगावं तसं सांगितलं.

भाऊसाहेबांनी तासभर नाटकाची कल्पना समजावून दिली. मंथन म्हणजे मनाचं मंथन, हलाहल म्हणजे काय, अमृत म्हणजे काय. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माणूस किती?"

"शंभराच्या आसपास."

अण्णांचा चेहरा उजळला. "समदे जेवत्यात ना?"

"म्हणजे काय?" भाऊसाहेब जरा गोंधळले. "आपण निर्मितीखर्चाबद्दल बोलत होतो."

"त्ये बी बघू की. तुमच्या मनासारखं व्हईस्तवर राहा. हॉल तुमचाच समजा."

त्या एका वाक्यात अण्णा अडकले, आणि ते अडकताहेत हे तिथे बसलेल्या तिघांपैकी कुणालाही कळलं नाही. 'घर आपलंच समजा' हे त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात. पाहुणा एक रात्र राहतो, सकाळी 'येतो' म्हणतो आणि जातो. तमाशाचा फडही दोन रात्रींनी तंबू उपटतो. आम्हा पेठेतल्या लोकांत हे वाक्य कुणी उच्चारत नाही, कारण समोरचा खरंच समजेल याची धास्ती असते. भाऊसाहेबांनी ते खरंच तसं समजून घेतलं. मनासारखं होईपर्यंत. आणि भाऊसाहेबांच्या मनासारखं आजवर त्यांच्या स्वतःच्या लग्नापासून काही झालेलं नव्हतं.

तालमी सुरू झाल्या. ऑफिसं आणि कॉलेजं सुटली की स्वारगेटहून अण्णांचा टेम्पो माणसं भरून आणायचा, रात्री परत सोडायचा. देवांना गाणं यावं लागे, म्हणून देव सगळे बँकेतले आणि गांधर्व परीक्षा दिलेले. दानवांना फक्त जोर लावायचा होता, तिथे सॉफ्टवेअरची पोरं घेतली. दिवसभर एसीत बसलेली ती पोरं पहिल्या दोन ओढींतच धापा टाकायची आणि अण्णा मागून ओरडायचे, "आरं, ताकद लावा की! मटान काय फुकट खाल्लं का?" वासुकी वेताचा आणि कापडाचा, हॉलला दीड वळसा घालून पडलेला असायचा. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सगळी तालीम बघायचे. नांदी त्यांना पाठ झाली होती. पंगत बसली की स्वतः वाढायला उतरायचे आणि एकेका दानवाच्या पानात बोट दाखवून म्हणायचे, "ह्याला भात. ह्यो लाजतोय." इतका सुखी निर्माता मी मराठी रंगभूमीवर दुसरा पाहिलेला नाही.

पर्वत मात्र चुकला. नेपथ्यकारानं तो हॉलमध्येच उभा केला, बांबू, गोणपाट आणि कागदाचा लगदा वापरून. वर दोन माणसं उभी राहतील एवढा भक्कम. रंग लागला, सगळ्यांनी वाहवा केली, भाऊसाहेबांनी डोळे पुसले. अण्णांच्या पत्नी, काकू, झाडू घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी एकदा पर्वताकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि म्हणाल्या, "पर ह्यो भायर कसा काढायचा?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. पर्वत दारापेक्षा चांगला दोन हात रुंद होता. नेपथ्यकार टेप शोधू लागला. "ते प्रयोगाच्या वेळी बघता येईल," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी देवांना जागेवर उभं केलं.

प्रयोगाची वेळ येत नव्हती. पावसाळ्यानंतर करू म्हणता म्हणता दिवाळी गेली. अमृत निघण्याचा प्रवेश भाऊसाहेबांना पटत नव्हता. कधी धन्वंतरी चुकीच्या पट्टीत यायचा, कधी अप्सरा फार हसायच्या. 'अजून समुद्र ढवळलेला वाटत नाही' हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मी व्यवस्थापक, मला त्यातलं काय कळणार. पण शंभर माणसांना रोज संध्याकाळी गरम जेवण मिळत असेल तर समुद्र लवकर का ढवळून होईल, असं एकदा माझ्या तोंडून गेलं, त्यावर भाऊसाहेब माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

अण्णांना मी विचारलं, तुम्हाला काही वाटत नाही का? "पंगतीतनं माणूस उठवू नये," ते म्हणाले. "भूक त्येची, येळ बी त्येची." पण आता ते हॉलच्या आत कमी आणि बाहेर चिंचेखाली जास्त बसायला लागले होते.

अशात सुरेखाचं लग्न ठरलं. ती एव्हाना नोकरीला लागली होती, आणि नोकरी होती ती त्यांच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या त्या कंपनीत. "माझी खुर्ची बरोबर आपल्या कांद्याच्या चाळीच्या जागी आहे," ती हसून सांगायची. "एसी बंद पडला की वास पण येतो." मुलगा त्याच कंपनीतला, मूळचा अमरावतीचा, सालस. वैशाखातला मुहूर्त निघाला. अण्णा पेढे घेऊन माझ्याकडे आले. पुण्यात माझ्या दोन खोल्यांत आलेले ते पहिल्यांदाच. "मॅनेजर, आता हॉल पावन व्हनार," ते म्हणाले. मी अभिनंदन केलं, पण पेढा दोघांच्याही हातातच राहिला. आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर पर्वत आला होता.

"सांगा ना त्यांना," मी म्हटलं. "मुलीचं लग्न आहे. कुणीही समजून घेईल."

"सांगतो की. आजच सांगतो."

ते सांगणं दोन महिने चाललं. रोज संध्याकाळी ते हॉलच्या दारापर्यंत जात, भाऊसाहेब वळून 'या, भिंताडेसाहेब' म्हणत, आणि अण्णा 'काय नाय, चालू द्या तुमचं' म्हणून परत येत. शेवटी मी एक युक्ती काढली. नाटकवाल्यांची युक्ती, दुसरी कुठली सुचणार? चिंचेखाली मी भाऊसाहेब होऊन बसलो आणि अण्णांना म्हटलं, करा तालीम. त्यांनी घसा साफ केला. टोपी काढली, परत घातली. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "आमच्या पोरीचं लगीन हाय वैशाखात."

"अरे वा," मी भाऊसाहेबांच्या आवाजात म्हणालो. "मग?"

"मंग..." अण्णांच्या कपाळावर घाम आला. समोर मी होतो, त्यांनाही माहीत होतं की मीच आहे. "मंग तुमास्नी काय कमीजास्त लागलं तर सांगा."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळावं लागलं. खोट्या भाऊसाहेबांनासुद्धा त्यांना जा म्हणता येत नव्हतं.

मी सांगतो म्हटलं तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तुमी सांगितलं तरी माझ्याच दारातनं माणूस गेला ना? माझ्या आईच्या नावाचा हॉल हाय. तिनं दारात आलेल्या भिकाऱ्याला बी 'पुढं जा' म्हटलं नाय." तरीही मी एकदा आडून भाऊसाहेबांकडे विषय काढला. ते म्हणाले, "त्यांनी स्वतः शब्द दिलाय, मनासारखं होईपर्यंत. आणि मला ते एका अक्षरानं बोललेले नाहीत. तुम्ही कशाला मध्ये पडता?" त्यांचा मला राग आला होता आणि अजूनही येतो. पण तेही अडकलेलेच होते. सत्तरीचा माणूस, आयुष्यात एकच नाटक लिहिलेलं. या हॉलमधून बाहेर पडलं तर ही शंभर माणसं पुन्हा एकत्र येणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. तालीम चालू होती तोवर निदान नाटक जिवंत होतं.

सुरेखाला हे सगळं अजब वाटायचं. "अण्णा, सिंपल आहे. त्यांना डेडलाइन द्या."

"पाव्हण्याला डेडलाइन?"

"ते पाहुणे नाहीत हो अण्णा. तो प्रोजेक्ट आहे, आणि तुम्ही त्याचं फंडिंग करताय. फंडिंग करणाऱ्याला विचारायचा राइट असतो."

"जेवायला वाढणाऱ्याला कसला आलाय राइट?" अण्णा म्हणाले.

मग ती स्वतःच गेली. ऑफिसातून आली ती तशीच, गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा न काढता तरातरा हॉलमध्ये शिरली. तिच्या मागे अण्णा, अण्णांच्या मागे मी. तिनं 'काका, मला तुमच्याशी बोलायचंय' असं म्हटलंही. पण भाऊसाहेबांनी मागे अण्णांना पाहिलं आणि टाळी वाजवून तालीम थांबवली. "मंडळी," ते म्हणाले, "आपण ज्यांचं अन्न खातो आणि ज्यांच्या छपराखाली गातो, त्यांची कन्या आज आली आहे. यांच्या घराण्याचे उपकार रंगभूमी विसरणार नाही." शंभर माणसं उभी राहिली. देव आणि दानव सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवल्या. खोट्या नव्हत्या, त्या लोकांचा अण्णांवर खरंच जीव होता. सुरेखा मधोमध उभी, तोंड उघडं, आणि अण्णा हात जोडून चारी बाजूंना वाकताहेत.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "टाळ्या वाजवल्या म्हणजे संपलं का अण्णा?" काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "पोरी, तुझ्या बापाला तू आजून वळखलं नाय." आणि पुन्हा पिठात हात घातला.

शेवटी लग्नासाठी स्वारगेटच्या मागे एक भाड्याचं कार्यालय मिळालं. ते ठरवायला अण्णांबरोबर मी गेलो होतो. भिंतीवर सूचनाच सूचना. अक्षता जपून टाकाव्यात, उरलेलं अन्न बांधून मिळणार नाही, हॉल पाच वाजता रिकामा करावा, सबबी सांगू नयेत. अण्णांनी त्या बोट ठेवून एकेक वाचल्या. शेवटच्या दोन परत वाचल्या. मग टेबलामागच्या किडकिडीत व्यवस्थापकाला त्यांनी फार अदबीनं विचारलं, "ह्ये पाच वाजता रिकामा करा, आसं तुमी लोकांला तोंडावर सांगता?"

"हो."

"रोज?"

"मुहूर्त असेल त्या दिवशी."

"मंग लोक काय म्हणत्यात?"

व्यवस्थापकानं चष्म्यावरून पाहिलं. "काही म्हणत नाहीत. जातात."

रस्त्यावर आल्यावर अण्णा पीएमटी बसच्या धुरातच थांबले. "मॅनेजर," ते म्हणाले, "जातात म्हणं." त्यांच्या आवाजात इतकं नवल होतं की मला वाटलं, आता हा माणूस आज संध्याकाळी जाऊन सांगणार. टेम्पोत बसून आम्ही परत गेलो. अण्णा सरळ हॉलमध्ये शिरले. मी चिंचेखाली वाट बघत थांबलो. थोड्या वेळानं ते बाहेर आले आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "आज ताक जास्त करा गं. उकडतंय लई, पोरं दमल्यात."

नाटकाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला रुखरुख नको. लग्नानंतर काही महिन्यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकानं त्यांच्या वार्षिक समारंभासाठी ते उचललं. त्यांचं वातानुकूलित सभागृह होतं, त्यांची माणसं होती, त्यांच्या अटी होत्या. चार तासांचं नाटक सव्वा तासाचं झालं. मंडळी गेली ती वाद्यं आणि कपडे घेऊन एका दुपारी गेली. अण्णा तेव्हा मंडईत भाजी आणायला गेले होते, त्याच मंडळींसाठी. कुणी थांबलं नाही. 'येतो' असं कुणी म्हटलं नाही, याचं त्यांना जे लागलं ते लग्नाचंही लागलं नव्हतं. प्रयोगाचे दोन पास आले, बाल्कनीचे. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मंदार पर्वत पडद्यावर उजेडानं दाखवला होता. अण्णा हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यो बरा. ह्यो दारातनं मावतो." भाऊसाहेबांना खूप टाळ्या मिळाल्या. पुढच्याच वर्षी ते गेले. खरा पर्वत हॉलमध्ये राहिला. कापायचा म्हटलं की अण्णा 'राहू द्या, गरीब बिचारा' म्हणायचे. नंतर हॉल भाड्यानं जायला लागला, तेव्हा लोकांना वाटलं ही सजावटच आहे. कित्येक जोडप्यांचे त्याच्यासमोर फोटो आहेत. पुढे अण्णाही गेले, झोपेतच, आणि दहाव्याला आलेल्या एकालाही काकूंनी उपाशी परत पाठवलं नाही.

पण अण्णा म्हटलं की मला यातलं काही आधी आठवत नाही. आठवते ती स्वारगेटच्या हॉलमधली लग्नाच्या दिवशीची दुपार.

लग्नाला आमची सगळी मंडळी आली होती. अण्णांनी प्रत्येकाला स्वतः आमंत्रण दिलं होतं. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापलं होतं आणि तेवढी सूचना आमच्या लोकांनी काटेकोर पाळली. जेवणं झाल्यावर भाऊसाहेब हात पुसत आले. "फार छान झालं सगळं. तेवढा टेम्पो साडेचारला मिळाला तर बरं. आज धन्वंतरीचा प्रवेश घेतोय."

"व्हय, व्हय. सांगतो की," अण्णा म्हणाले, आणि नवरीच्या बापानं फेटा सावरत जाऊन टेम्पोवाल्याला शोधून आणलं. शंभर माणसं त्यांच्याच हॉलकडे निघून गेली.

मुलाचे वडील अमरावतीचे, साधे गृहस्थ. त्यांनी काही मनात न ठेवता विचारलं, "काहो भिंताडेजी, आमाले तं सांगतलं होतं का तुमचा सोताचा हॉल हाये म्हून?"

"हाय की," अण्णा म्हणाले. "जरा पाव्हणे हायत तितं."

सुरेखा बाजूलाच उभी होती. तिनं हे ऐकलं. तिचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी पाहिलं आणि मी दुसरीकडे बघायला लागलो.

पाठवणीच्या वेळेला हॉलची माणसं खुर्च्या उचलायला लागली होती. एकावर एक खुर्च्या आपटल्याचे आवाज, आणि त्यात बायकांचं रडणं. सुरेखा काकूंच्या गळ्यात पडली, मग अण्णांच्या पाया पडली. अण्णांनी तिला उठवलं आणि तिचा हात हातात धरला. खरं म्हणजे अशा वेळी मुलगी 'येते' म्हणते आणि बाप 'ये' म्हणतो. ती काही बोलेना. ते हात सोडेनात. गाडीचं दार उघडं होतं. कार्यालयाचा तो किडकिडीत व्यवस्थापक येऊन खाकरला. "साहेब, पाच वाजलेत." मग त्यानं आत जाऊन पंखे बंद केले. एकेक पंखा गरगरत थांबत गेला आणि हॉलमध्ये एकदम उकडायला लागलं.

"अण्णा," सुरेखा म्हणाली. तिच्या आवाजात रडण्याइतकाच संताप होता. "त्या शंभर लोकांना नाही म्हणता आलं तुम्हाला. निदान मला तरी म्हणा. जा म्हणा मला."

अण्णांचे ओठ हलले. मी चिंचेखाली पाहिला होता तोच घाम त्यांच्या कपाळावर होता. ते मान वळवून एखादी खुर्ची सापडतेय का ते बघू लागले, पण आता सगळ्या खुर्च्या भिंतीला लागल्या होत्या. "बस की गं जरा," ते म्हणाले. "ऊन उतरू दे."

बसायला काही नव्हतं. सुरेखा शालू आवरून दाराच्या पायरीवर बसली, आणि तिचा हात न सोडता अण्णाही तिच्या शेजारी बसले. वऱ्हाडी उन्हात गाडीपाशी ताटकळत उभे होते. जावई एकदा पुढे आला आणि परत मागे गेला. व्यवस्थापक मागून बाहेर आला, दार ओढून त्यानं कुलूप लावलं, या दोघांकडे पाहिलं आणि बाजूनं पाय टाकून खाली उतरला.

सुरेखानं डोळे पुसले. अण्णांच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकवलं. मग त्यांचं एकेक बोट उलगडून तिनं आपला हात स्वतःच सोडवून घेतला, आणि गाडीत जाऊन बसली.